डॅकची पारख

आमच्या दिवाणखान्याची एक भिंत माझी नाही. ती ह्यांच्या संगीताची आहे. माझ्या कमरेपर्यंत येणारे दोन स्पीकर, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावर आणखी एक डबा आणि मागे वायरींचं असं जंजाळ, की तिथं केरसुणी घालायची सोय नाही. केजमध्ये आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही आहे. आमचा टीव्ही स्वयंपाकघरात फ्रीजवर बसलेला असतो. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी प्लॉट घेतले, कुणी शेतात बोअर पाडला, आणि ह्यांनी स्पीकर आणले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना मराठी शिकवून नुकतीच मोकळी झाले होते, त्यामुळे भांडायला माझ्याकडे वेळ होता आणि आवाजही होता. पण म्हटलं, माणूस दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, संतूर ऐकतो, तर ऐकू दे.

मग हळूहळू ह्यांना आवाजात खोट दिसायला लागली.

"वरचे सूर येईनात," हे म्हणायचे. "तारा वाजत नाहीत, नुसतं लाकूड वाजतंय."

आधी वायरी बदलल्या. मग स्पीकरखाली विटा आल्या, विटांखाली रबर आलं. मग आवाज भिंतीवर आपटतो म्हणून माझ्या माहेरची सतरंजी खिळे ठोकून भिंतीवर गेली. सतरंजीवर मोर आहेत; ते टांगताना उलटे झाले आणि तसेच राहिले. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी मोरांकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. वरचे सूर काही आले नाहीत.

ते कुठून येणार? खोट कशात आहे ते मला केव्हाच कळलं होतं. कुकरच्या शिट्ट्या ह्यांना ऐकू येत नव्हत्या. दाराची बेल वाजली तरी हे तिच्याखालीच पेपर वाचत बसलेले. पुण्याहून नातीचा फोन आला, ती म्हणाली, "आजोबा, मी हत्तीचं चित्र काढलं," तर हे म्हणाले, "नाही बाळा, हत्तीचा पाऊस अजून नाही पडला. आभाळ येतं नि जातं." पोरगी दोन-तीनदा हसली, मग तिनं फोन आजीलाच मागायला सुरुवात केली. ह्यांनी फोनही बदलला.

"अहो, एकदा कान दाखवून घ्या," मी म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे.

"माझे कान?" हे असे बघायचे, जसं काही मी ह्यांच्या नोकरीतल्या प्रामाणिकपणावर शंका घेतली. "मला तानपुऱ्याची तार जरा उतरली तरी कळतं."

मला तानपुऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला बोलायला माणूस हवा होता. ओरडून बोलायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच बोलतो. "जेवायला चला." "गोळी घेतली का?" "गॅसवाला आलाय." एवढंच ओरडता येतं. शेजारणीच्या सुनेनं काय केलं, मला सकाळी कसलं स्वप्न पडलं, पाय का दुखतो आणि त्यामुळे मनात काय काय येतं, हे कुणी ओरडून सांगतं का? एका घरात, एका छताखाली राहून आमचं बोलणं सरकारी सूचनेसारखं झालं होतं. मला त्याची चीड यायची, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची.

अशात ह्यांना मोबाइलवर डॅकचा शोध लागला.

"सापडलं!" हे पहाटेच्या चहाला म्हणाले. "आपला डॅक खराब आहे."

डॅक म्हणजे स्पीकरच्या त्या भिंतीवर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर बसलेला डबा. ह्यांनी मला समजावून सांगितलं. हल्लीचं गाणं नुसत्या आकड्यांत भरून ठेवलेलं असतं. ते आकडे वाचून त्यांचा परत आवाज करायचा, हे त्या डब्याचं काम. डबा बरा नसला की आकडे सगळे असतात, पण सूर गळतात.

"म्हणजे धडा चांगला आहे, वाचणारा पोरगा बोबडा आहे," मी ओरडून विचारलं.

हे खूश झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला पहिल्यांदाच काहीतरी कळलं असं ह्यांच्या चेहऱ्यावर आलं.

मुलाच्या ओळखीचा पुण्यात एक दुकानदार होता. तो गिऱ्हाइकाला यंत्रं घरी ऐकायला द्यायचा. पसंत पडेल ते ठेवायचं, बाकीची परत पाठवायची. मुलानं तीन डॅक ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवले. मी त्याला फोनवर झापलं, की बाबांचे कान गेलेत आणि तू डबे कसले पाठवतोस. तो म्हणाला, "आई, मी सांगून बघितलं. त्यांना ऐकू आलं नाही."

आता डबे आले खरे, पण ह्यांच्या घराण्यात थोरल्या दिरांच्या संमतीशिवाय काहीही विकत घेतलं जात नाही. दादा दिंद्रुडच्या बाजूला गावी असतात आणि त्यांचं नाव आहे ते बैलाच्या पारखीसाठी. कुणाला बैलजोडी घ्यायची असली की लोक जीप पाठवून दादांना बाजारात नेतात. दादा बैलाभोवती एक चक्कर मारतात, दात बघतात, खूर बघतात, शेपटी ओढतात आणि एकच शब्द बोलतात. घरातल्या सगळ्या वस्तूंचंही तसंच होतं. फ्रीज घेताना त्यांनी दुकानात त्याचा दरवाजा उघडून जबडा बघावा तसं आत बघितलं होतं. मला बघायला आले होते तेव्हा म्हणाले होते, "पोरीला जरा दारापस्तोर चालू द्या." मी चालून दाखवलं. आज कुणी असं म्हणालं तर मी दाराबाहेर जाईन ती परत येणार नाही, पण तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

दादा आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि टेबलावर मांडलेल्या तीन डॅकांसमोर उभे राहिले.

"ह्यातलं वाजतं कोंतं?" दादांचा आवाज ह्या बांधावरून त्या बांधावर जाणारा, त्यामुळे त्यांचं बोलणं ह्यांना कळतं.

"कोणतंच वाजत नाही, दादा," हे म्हणाले. "वाजतो तो स्पीकर."

"मंग हे काय करतं?"

"आकड्यांचं गाणं करतं."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला आणि छताकडे बघितलं.

"खातं काय?"

"वीज."

"लई का थोडी?"

"थोडीच."

दादांनी तिन्ही डबे एकेक करून हातावर तोलले. पहिला काळा आणि साबणाच्या वडीएवढा होता, तो त्यांनी उलटा करून पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "पायच न्हाईत ह्येला." दुसऱ्याला हिरवा दिवा होता, एकच. दादांना एकडोळ्या जनावराचं वावडं आहे. तिसरा चंदेरी, चांगला जड, दोन गोल बटणांचा. त्याच्या पाठीवर त्यांना एक बारीक ओरखडा सापडला. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे आधी दुसऱ्याच्या दावणीला व्हतं. पण अंगानं भरलंय."

"दादा, ह्यात वजन बघत नाहीत," हे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण मोबाइलवर एक जण लिहितो, की जड असलेला चांगला."

"बघ की," दादा म्हणाले.

नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. दादांनी माझ्याकडे तांब्या मागितला. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, की त्यात करंट आहे. मग तडजोड झाली. पाणी उंबऱ्यावर घातलं, आणि तिन्ही डॅकांवरून एकच भाकरीचा तुकडा ओवाळून मी बाहेरच्या कुत्र्याला टाकला. तुकडा तव्यावरचा गरम होता, तरी त्यानं तो आवडीनं खाल्ला. दादांना हा शकुन चांगला वाटला.

मग परीक्षा. ह्यांनी मोबाइलवर वाचलं होतं, की कोणता डबा लावलाय ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर मन फसवतं. म्हणून टेबलापुढे चादर बांधली आणि वायरी बदलायला चादरीमागं मला बसवलं. ह्यांनी हात वर केला, की मी एकाची वायर काढून दुसऱ्याला लावायची. हे खुर्चीत डोळे मिटून बसले. दादा शेजारी, तेही डोळे मिटून. सकाळी अकराचं ऊन, दारं-खिडक्या बंद, उलटे मोर, आणि चादरीमागं मी.

गाणं सुरू झालं. डाव्या स्पीकरमध्ये संतूर आणि उजव्यात तबला असं ते जुनं ध्वनिमुद्रण होतं. ह्यांनी हात वर केला आणि नेमकं तेव्हाच गॅसवरच्या दुधाची मला आठवण झाली. मी मागच्या दारानं पळाले. दूध ओट्यावरून खाली आलं होतं. ते पुसलं, फडकं पिळलं, परत येऊन चादरीमागं बसले. वायरीला हात लावायला वेळच झाला नव्हता.

"वा!" हे म्हणाले. "हा फार मोकळा आहे. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. दादा, तुला काय वाटलं?"

"मला त सारवलेल्या ओट्यावर बसल्यागत गार वाटलं."

मला हसू येत होतं आणि रागही. ह्यांनी आणखी दोनदा हात वर केला. मी ठरवून वायरीला हात लावला नाही. तिन्ही वेळा तोच पायांविना डबा वाजत होता आणि तिन्ही वेळा ह्यांनी त्याचे वेगवेगळे गुण सांगितले. एकदा आवाजाला मखमल होती, एकदा कडक इस्त्री होती. तिसऱ्या वेळी दादांनाही जोर आला, म्हणाले, "आता खरं पाणी लागलंय."

मी चादर खाली टाकून सगळं सांगणारच होते. पण दादा उठले.

"एवढ्यानं घेऊ नको," ते म्हणाले. "दोन्ही खांद्यांनी चालतं का बघा लागंल."

बैलाचं असं असतं म्हणे, की काही बैल जोडीत उजवीकडेच चालतात. डावीकडे जुंपले की अडून बसतात. विकणारा ते सांगत नाही. म्हणून घेणारानं जनावर दोन्ही बाजूंना जुंपून बघायचं, आणि दादांनी आयुष्यात एकही बैल असा बघितल्याशिवाय घेतलेला नाही. यंत्राला खांदे नसतात, हे ह्यांनी समजावून बघितलं. दादा ऐकेनात.

"यंतर फिरवता येत न्हाई म्हन्तोस, मंग तू फिर," ते म्हणाले, आणि त्यांनी ह्यांची खुर्ची ह्यांच्यासकट उचलून मोरांच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली. आता स्पीकर ह्यांच्या पाठीमागं गेले आणि डावा उजवीकडे झाला.

दादा पंच्याहत्तरीच्या पुढचे. तरी त्यांनी खुर्ची उचलली. मी चादरीच्या कडेनं बघत होते.

तेच गाणं पुन्हा लावलं. हे भिंतीवरच्या मोरांकडे तोंड करून बसलेले. थोडा वेळ गेला आणि ह्यांचा चेहरा बदलला.

"अरे!" हे म्हणाले. "संतूर आलं! तारा आल्या दादा, एकेक तार येतीय!" मग लगेच, "पण तबला कुठं गेला?"

"तबला वाजतोय की," दादा म्हणाले.

"नाही वाजत. नुसतं धपधप आहे लांब."

दादांनी खुर्ची परत फिरवली. तबला आला, संतुराचं लाकूड झालं. परत फिरवली. संतूर आलं, तबला गेला. मला मग वायरी बदलायला लावल्या आणि ह्या वेळी मी खरंच बदलल्या. हिरव्या दिव्याचा लावला, चंदेरी लावला. प्रत्येकाबरोबर हे एकदा पुढे, एकदा मागे असे फिरले. तिन्ही डबे सारखेच वागले.

"तिन्हींची डावी बाजू मेलीय," हे म्हणाले. "फसवतो हा दुकानदार."

"तुझी जी बाजू डावी असंल तीच जातीय बे," दादा म्हणाले. "यंतर जाग्यावर हाय. फिरतुयास तू."

संतूर वाजतच होतं. ह्यांनी हात डाव्या कानाकडे नेला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

"मी काय बैल हाय का, दादा?" हे चिडून म्हणाले. रागावले, की हे गावाकडचं बोलतात.

"बैल असतास त कवाच परत केला असता."

हे उठले आणि गच्चीवर गेले. दादांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, म्या वंगाळ बोल्लो का?" मी त्यांना नाही म्हणाले, त्यांना जेवायला वाढलं आणि वर गेले.

हे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. मी जवळ बसले. हे म्हणाले, "मला अंदाज आला होता गं. पण गाणं ऐकू येईना झालं तर मी दिवसभर करू काय?"

मला म्हणायचं होतं, की अहो मी आहे ना, आपण करू काहीतरी, घाबरू नका. पण ते ह्यांना ऐकू जायचं तर गच्चीवरून ओरडावं लागलं असतं आणि अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं. "घाबरू नका" हे ओरडून कसं सांगायचं? म्हणून मी नुसती बसून राहिले. माझ्या तोंडावर ऊन आलं, तरी उठले नाही.

तिन्ही डॅक परत गेले. जाताना दादांनी मला बजावलं, की कानाचं काही घेतलं तर परत करायच्या बोलीवर घ्यायचं, चार दिवस जुंपून बघितल्याबिगर ठेवायचं न्हाई.

पुढच्या आठवड्यात मी ह्यांना बीडला नेलं. नेलं म्हणजे, हे एसटीत बसेपर्यंत मी ह्यांचा हात सोडला नाही. कान तपासणारी मुलगी आमच्या मुलापेक्षाही लहान होती. तिनं ह्यांना काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले, तर ह्यांनी आधी तो हेडफोन कसा जुनाट आहे ते तिला सांगितलं. मग तिनं कागदावर दोन रेषा दाखवल्या. उजवी थोडी उतरत होती, डावी सरळ दरीत गेली होती. हे त्या रेषांकडे एकटक बघत राहिले.

"मशीन लावावं लागेल, काका," ती म्हणाली.

"नको," हे म्हणाले. "लोक बहिरा म्हणतील."

मी म्हणणार होते, की लोक आत्ताही तेच म्हणतात. पण त्या मुलीनं ड्रॉवरमधून शेंगदाण्याएवढी एक वस्तू काढली आणि ती कशी चालते ते ती पाठ केल्यासारखं सांगू लागली. ह्यात माइक असतो. तो आवाज घेतो. आत त्याचे आकडे होतात. जे सूर तुम्हाला कमी येतात तेवढेच आकडे वाढवले जातात. मग त्या आकड्यांचा परत आवाज होतो.

हे खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे ह्यात डॅक आहे?"

मुलीला तो शब्द माहीत होता. "आहे ना, काका. बारीक असतो."

"किती बिटचा?"

मग पुढचा अर्धा तास हे त्या मुलीला प्रश्न विचारत होते आणि बाहेर पेशंट खोळंबले होते. कोणत्या कंपनीचा बरा, कशाचा आवाज मोकळा, कशाला मखमल. तिच्याकडे तीन प्रकार होते आणि ह्यांनी तिन्ही लावून बघितले. शेवटी एक ठरला, डाव्या कानासाठी. चार दिवस वापरून बघा, नाही पटला तर परत आणा, असं तिनं आपणहून सांगितलं, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे विजयानं बघितलं. पुढे गल्लीत कुणी कानाकडे बोट दाखवलं, की हे सांगायचे, "डॅक घेतला. कानात बसणारा." लोक मान हलवायचे. आमच्याकडून लोकांनी तशीही फारशी अपेक्षा ठेवलेली नाही.

दवाखान्यात मशीन सुरू केल्यावर ह्यांनी पहिलं वाक्य त्या मुलीला ऐकवलं, "तुमचा पंखा दुरुस्तीला आलाय."

स्टँडवर केजची गाडी लागली होती. ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. आम्ही मधल्या सीटवर बसलो. एरवी मी ह्यांच्या उजवीकडे बसते, तो कान त्यातल्या त्यात बरा म्हणून. त्या दिवशी हे गडबडीत उजवीकडच्या सीटवर खिडकीशी जाऊन बसले आणि मला डावीकडे बसावं लागलं.

"पाणी पिणार का?" मी म्हणाले.

सगळी गाडी मागे वळली.

"ऐकू येतंय," हे म्हणाले. "हळू बोल."

मी हळू बोलायला तोंड उघडलं आणि काही येईना. आवाज किती ठेवायचा तेच कळेना. आणि बोलायचं काय? पाणी झालं, गोळी झाली, तिकीट झालं. कामाचं सगळं संपलं होतं आणि बिनकामाचं बोलायची सवय राहिली नव्हती. हे माझ्याकडे बघत वाट बघत होते.

आमच्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ बायकोबरोबर बसले होते. घामानं त्यांचा कलप विरघळून मानेवरून पांढऱ्या कॉलरवर उतरत होता. मी ह्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "पुढच्यांचा कलप खाली उतरला."

ह्यांनी बघितलं. ह्यांचे खांदे हलायला लागले. हसू दाबून हे माझ्या कानात म्हणाले, "बायकोच्या पदरालाही लागलाय. तिला माहीत नाही."

मी तोंडावर पदर धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते हसून की कशानं, मला सांगता येणार नाही. किती वर्षांनी मी माझ्या नवऱ्याजवळ कुणाची कुचाळकी करत होते. मग मी ह्यांना शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. पाय दुखतो ते सांगितलं, आणि रात्री जाग आली की मनात काय येतं तेही. गच्चीवर जे बोलता आलं नव्हतं ते सांगितलं. तेवढ्यात ड्रायव्हर आला, इंजिनाची घरघर सुरू झाली आणि कानातल्या मशीनमध्ये सगळा तोच आवाज भरला.

ह्यांना आता काही ऐकू येत नव्हतं, ते मला दिसत होतं. तरी ह्यांनी मान माझ्याकडे कलती केली ती तशीच ठेवली, आणि मी वाटेतल्या मांजरसुंब्यापर्यंत हळूच बोलत राहिले.